एक्स-रे फिल्मवर लार्ज फॉरमॅट फोटो कसे काढायचे

८×१० इंची फिल्मचा मोठा (लार्ज फॉरमॅट) कॅमेरा आहे पण फिल्मचे भाव बघून हात आखडतोय, तर एक्स-रे फिल्म वापरून बघाच, खूप स्वस्त पडते. दुकानात ग्रीन सेन्सिटिव्ह, म्हणजे हिरवा उजेडही टिपणारी फिल्म मागा. डिजिटल एक्स-रेच्या प्रिंटरची ड्राय फिल्म घेऊ नका, ती आपल्या उपयोगाची नाही.

या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल सेफलाइटमध्ये (डार्करूमच्या मंद लाल दिव्यात) आरामात कापता, होल्डरमध्ये भरता येते. त्याचमुळे ओठ, लाल साडी फोटोत काळपट येतात आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात एक्स्पोजर वाढवावं लागतं. सुरुवातीला आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ८० धरा, एक शीट टेस्टला घालवा, मग आपला आकडा ठरवा.

खरी काळजी ओरखड्यांची. बहुतेक फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे चित्र उमटवणारा थर असतो, तो थर ओला झाला की सायीसारखा मऊ होतो, नख लागलं की गेला. फिल्म धुण्याच्या ट्रेच्या तळाला गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच शीट, चिमटा नकोच, ग्लोव्हज घालून कडेने धरा आणि फिल्मला हात न लावता ट्रेच हळू हलवत राहा.

कॉन्ट्रास्ट भडक येतो म्हणून डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) पातळ करायचा, रॉडिनल नावाचा डेव्हलपर १:१०० (एक भाग डेव्हलपर, शंभर भाग पाणी), २० डिग्रीला साधारण ६-७ मिनिटांपासून सुरू करा, लाल उजेडात निगेटिव्ह उमटताना दिसतंच, बघून थांबवा. अँटी-हॅलेशन थर (फिल्मच्या पाठीवरून उजेड परत उलटू न देणारा थर) नसल्याने खिडकीभोवती उजेड पसरतो, पोर्ट्रेटला मला तो फार आवडतो. नको असेल तर मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) फिल्म शोधा, तिला इमल्शन एकाच बाजूला असतं.