कमिटमध्ये इश्यूचा नंबर टाकताना

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजात इंग्रजीत ‘फिक्सेस #४१२’ लिहिलं, की कमिट डिफॉल्ट ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेत, पोचताच त्या नंबरचा इश्यू (नोंदवलेली अडचण) आपोआप बंद होतो. दुसऱ्या ब्रांचमध्ये मर्ज केलंत तर इश्यू उघडाच. आणि एका कमिटने दोन इश्यू सुटत असतील तर ‘फिक्सेस #४१२, #४१५’ने भागत नाही, दुसरा तसाच लटकतो. प्रत्येक नंबराआधी तो शब्द पुन्हा लिहायचा.

काम अर्धंच झालं असेल तर ‘फिक्सेस’ नकोच. जँगो या वेब फ्रेमवर्कवाल्यांची रीत मला आवडते: तिकीट (त्यांच्याकडचा इश्यू) सुटलं तर मेसेजची सुरुवात ‘फिक्स्ड’ने, नुसता संबंध असेल तर ‘रेफ्स’ने. पहिल्या शब्दातच कळतं.

एक बारीक खोड गिटची, म्हणजे कमिट नोंदवणाऱ्या साधनाची. एडिटर उघडून मेसेज लिहिताना ओळ थेट #ने सुरू केली, तर गिट ती टिप्पणी समजून गाळून टाकतं. नंबर गायब, आणि कोणी सांगतही नाही! म्हणून #च्या आधी एखादा शब्द असू द्या.

नंबर टाकला म्हणून कारण लिहायचा कंटाळा मात्र करू नका. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे इश्यू २०२२ मध्ये जुन्या ट्रॅकरवरून (इश्यू नोंदवायच्या साइटवरून) गिटहबवर आले, तेव्हा नंबर बदलले. जुन्या कमिटांत अजून ‘बीपीओ’वाले, म्हणजे त्या जुन्या ट्रॅकरचे, नंबर दिसतात. ‘तारीख रिकामी असली की पार्सर कोसळत होता’ एवढी एक ओळ मेसेजातच असली, की ट्रॅकर धुंडाळायची वेळ येत नाही.