कर्जाचे हप्ते बांधून घेतल्यावर घर कसं चालवावं

आमच्या घरात दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि पतसंस्थेचं एक कर्ज होतं. ह्यांची नोकरी गेली, आठ महिने माझ्या एकट्या पगारावर काढले आणि त्यात सगळंच थकलं. शेवटी बँकेत खेपा घालून कार्डांची बाकी आणि लोन एकत्र करून घेतलं, पतसंस्थेतही बोलून घेतलं आणि ठरावीक हप्ता बांधला. त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली. तिसऱ्याच महिन्यात हप्ता चुकला.

हप्ते बांधून कसे घ्यावेत हे सांगणारे पुष्कळ भेटले. त्या हप्त्यासोबत पुढची चार वर्षं घर कसं चालवायचं, ते आम्हाला ठेच लागूनच कळलं. ज्यांची कर्जफेड आता चालू आहे किंवा सुरू होणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. हातातलं पत्र आधी वाचा

फोनवर ठरलेलं काहीही धरून चालू नका. बँकेचं पत्र किंवा बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला ईमेल हवा. त्यात एकूण किती रक्कम धरली आहे, व्याजदर काय, किती महिने, हे बघा. आणि मुख्य म्हणजे ही पुनर्रचना आहे की सेटलमेंट, ते बघा. पुनर्रचनेत मुद्दल पूर्ण फेडायचं असतं, मुदत वाढते. सेटलमेंटमध्ये बँक काही रक्कम सोडून देते, पण सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो आडवा येतो. उत्पन्नच उरलं नसेल तर सेटलमेंट करण्यात कमीपणा नाही. पण थोडंफार येत असेल तर पुनर्रचनेसाठी भांडा.

क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहणं ही कर्जफेड नव्हे, हे हिशेब मांडल्यावर कळतं. समजा ८०,००० रुपये बाकी आहेत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. २,८०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३०४ रुपये झाले. तुम्ही ४,००० भरले तर मुद्दलातून कमी झाले जेमतेम ६९६. तीच बाकी वर्षाला १८ टक्के दराच्या कर्जात वळवून घेतली, तर त्याच ४,००० च्या हप्त्यात २४ महिन्यांत संपते. बँकेत जाताना हा हिशेब कागदावर मांडून सोबत न्या.

सल्ला हवा असेल तर प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेचं, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेचं, आर्थिक साक्षरता केंद्र असतं. पुणे आणि नाशिक जिल्ह्यांची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र. त्या केंद्रात सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. ‘हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, आधी आमची फी भरा’ असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. हप्ते तुमचे थकतात, नोटिसा तुमच्या नावाने येतात.

२. हप्त्याचा आकडा घरातून काढा

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ह्यांना नवी नोकरी लागल्यावर दोघांचा मिळून पगार ५३,००० होता. भाडं ११,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १२,०००, रिक्षा, क्लास आणि येणंजाणं ५,०००, वीज आणि फोन २,०००, सासूबाईंची औषधं २,२००. बेरीज ३२,२००. उरले २०,८००. मी बँकेतल्या साहेबांसमोर छाती काढून सगळे मिळून १९,५०० चा हप्ता कबूल केला. तीन वर्षांत मोकळे होणार होतो.

एप्रिल गेला, मे गेला. जून आला आणि शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट सगळं एकदम समोर उभं राहिलं.

तेव्हा मी २०० पानी वही आणली आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहिले. शाळा ३८,०००, विम्याचा हप्ता १४,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००, दिवाळी १०,०००, लग्नकार्यं आणि गावची जत्रा ८,०००. एकूण ७६,०००, म्हणजे महिन्याला ६,३०० च्या वर. हा खर्च मी हिशेबातच धरला नव्हता. तो वजा केला, अडीअडचणीसाठी १,५०० बाजूला काढले, तेव्हा खरा झेपणारा हप्ता निघाला साधारण १२,५००.

पुन्हा बँकेत आणि पतसंस्थेत गेले. लाज वाटली, पण ती वही दाखवली. हप्ता कमी झाला, मुदत तीन वर्षांवरून जवळपास साडेपाच वर्षांवर गेली आणि व्याज लाखभर रुपयांनी वाढलं. ते खुपलं. तरी आज कोणी विचारलं तर मी हेच सांगेन की झेपेल तोच हप्ता कबूल करा. मोठा हप्ता कबूल करून चुकवलात, की पुन्हा बोलणी करायला गेल्यावर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

वहीत निदान एक महिना रोजचा खर्च लिहा, अगदी रुपया-रुपया. आमच्या पहिल्या पानावर ‘रिक्षा ६०, कोथिंबीर १०, मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस १५०’ असं आहे. त्या १५० वरून घरात वाद झाला होता. मुलीला मोकळ्या हाताने पाठवायचं नाही, हे तेव्हाच ठरलं आणि महिन्याला २०० रुपये तिच्या नावाने वहीत कायमचे लिहिले गेले. सगळंच बंद केलं तर चार वर्षं कोणाच्याच अंगात बळ राहत नाही.

३. पगाराचं खातं वेगळं करा

ज्या बँकेचं देणं आहे तिथेच पगार जमा होत असेल, तर थकलेली रक्कम बँक त्या खात्यातून वळती करून घेऊ शकते. दुसऱ्या बँकेत शिल्लक न ठेवावी लागणारं साधं बचत खातं उघडा, पगार तिकडे घ्या आणि तिथून हप्ता पाठवा. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची मागून घ्या. जुन्या कर्जांचे ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारे हप्ते, चालू राहिलेत का ते बघा, नाहीतर एकाच महिन्यात जुना आणि नवा असे दोन्ही हप्ते जातात. यूपीआयमधल्या ऑटोपेची यादीही एकदा उघडा. आम्हाला तिथे दोन विसरलेली सबस्क्रिप्शन सापडली.

खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत जाणं हलकं घेऊ नका. बँकेचा दंड पडतोच. शिवाय चेक न वटण्यासारखाच तो २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो.

४. वसुलीचे फोन

आराखडा ठरला तरी फोन थांबत नाहीत. वसुलीवाल्याकडची यादी जुनी असते. मी फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवली होती आणि तेवढंच वाचायचे: ‘हप्ता ५ तारखेला जातो. बँकेचं पत्र अमुक तारखेचं आहे. पुढचं ईमेलवर लिहा. आपलं नाव आणि एजन्सी सांगा.’ यापुढे एक शब्द बोलायचा नाही. रडायचं नाही, समजावायचं नाही, नवी तारीख तर अजिबात द्यायची नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांत किंवा मित्रांत बदनामी यालाही मनाई आहे. सासूबाईंना एकाने दुपारी फोन करून ‘मुलाला उचलून नेऊ’ म्हटलं होतं. बिचारी दोन दिवस जेवली नाही. मी कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थांचं मात्र रिझर्व्ह बँक बघत नाही, तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

‘पगार जप्त करू’ ही नेहमीची धमकी. त्यासाठी आधी कोर्टाचा हुकूमनामा (डिक्री) लागतो आणि तो झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कर्जापोटी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. पतसंस्थेला पगारातून कापून घ्यायची संमती सही करून दिली असेल, तर गोष्ट वेगळी. नुसतं कर्ज थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. न वटलेला चेक आणि वर सांगितलेलं ऑटो-डेबिट, एवढे दोन जपा.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा. तिथे कोर्ट फी नसते आणि तडजोड पटली तरच सही करायची असते. आधी सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

५. नवं कर्ज नको, पण सोन्याचा विचार करा

हप्त्याच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स डोळ्यांसमोर येतात. एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढलं की आराखडा तिथेच मोडला. गल्लीतल्या सावकाराचंही तेच. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. आधीच अडकला असाल तर ती करा.

सोन्याबद्दल माझं मत बऱ्याच जणींना आवडत नाही. घरात सोनं ठेवून भरमसाट व्याज भरत राहणं मला पटत नाही. ते गहाण टाकलं की आणखी एक व्याज सुरू. मी दुसऱ्या वर्षी अडीच तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. सराफाने त्या काट्यावर ठेवल्या तेव्हा माझ्या मनगटावर त्यांचा गोल वळ अजून होता. सगळे पैसे लोनमध्ये एकरकमी भरले, हप्ता तोच ठेवला आणि मुदत जवळपास सोळा महिन्यांनी कमी झाली. असं करायचं असेल तर मुदतीआधी पैसे भरण्याचं शुल्क किती ते आधी लेखी विचारा. मंगळसूत्र आणि आईची आठवण असलेलं काही मात्र मोडू नका. आणि हा निर्णय जिचं सोनं तिनेच घ्यायचा, घरातल्या इतरांनी नाही.

६. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगा

सगळ्यात आधी जामीनदाराला. पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारावरही निघू शकतो. ह्यांचे मित्र आमचे जामीन होते. त्यांना घरी बोलावून पत्र दाखवलं. ते रागावले, पण दर महिन्याला पावतीचा फोटो पाठवायला लागल्यावर आपणहून चहाला यायला लागले.

मुलांना आकडे नको, पण ‘ह्या वर्षी सहलीला जायचं नाही’ हे सरळ सांगा. आहेराचं मी एकच ठरवलं होतं, १०१ रुपये आणि हाताने केलेले लाडू.

आणि रात्री झोप उडाली, जीव नकोसा वाटायला लागला, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं. ह्यांनी एकदा केला होता. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. केला ते फार बरं झालं.

७. हप्ता चुकणारच असेल तर

तारखेच्या आधी कळवा. नंतरच्या दहा विनवण्यांपेक्षा आधीचा एक ईमेल कामाला येतो: कारण काय, या महिन्यात किती भरू शकतो, उरलेलं कधी. दवाखान्याचं बिल असेल तर जोडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकलेल्या कर्जावर दंड म्हणून वाढीव व्याज लावता येत नाही. दंडाचं शुल्क लावता येतं, पण त्या शुल्कावर पुन्हा व्याज नाही. हा नियम क्रेडिट कार्डाला लागू नाही, म्हणून कार्डाची बाकी शक्यतो कर्जात वळवून घ्या. अडीअडचणीचे पैसे हाताशी ठेवले तर खर्च होतात. पोस्टातली आरडी महिना १०० रुपयांपासून सुरू होते, आमचे १,५०० तिथे जायचे.

८. शेवटचा हप्ता गेल्यावर

बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, ऑटो-डेबिट रद्द करा. दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खातं अजून चालू किंवा थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

तारण म्हणून दिलेले कोरे चेक मागायला विसरू नका. पतसंस्थेत आमचे सहा होते, परत देताना पाचच दिले. वहीत नंबर लिहिलेले होते म्हणून सहावा शोधायला लावला आणि तो हातात येईपर्यंत मी काउंटरसमोरून हलले नाही.