छंदाची तोरणे विक्रीला काढताना

बडोद्यातील मराठी घरांत मोत्यांच्या महिरपी, क्रोशाची तोरणे, देवाची आसने आणि रुखवताच्या वस्तू करणाऱ्या हातांची वाण कधीच नव्हती. दांडिया बाजार किंवा रावपुरा भागातील एखाद्या लग्नघरी मांडलेले रुखवत पाहिले की याची खात्री पटते. यांतील बहुतेक वस्तू भेट म्हणून दिल्या जातात. फार तर कोणी साहित्याचे पैसे आग्रहाने हातावर ठेवते. अशा छंदाचा घरगुती व्यवसाय करावयाचा असेल, तर तीच वस्तू त्याच मापाची, त्याच सफाईची आणि कबूल केलेल्या तारखेला पुन्हा करता येते का, हे सर्वांत आधी तपासावे. एकदा साधलेल्या महिरपीचे कौतुक होते. विकता येते ती दर वेळी सारखी उतरणारी महिरप.

म्हणून सुरुवातीला तीन किंवा चार वस्तूच निवडाव्यात. येईल ते सगळे विकायला काढण्याचा मोह होतो, पण प्रत्येक नव्या वस्तूबरोबर नवे मणी, नवे रंग आणि उरलेल्या साहित्याचा एक नवा डबा घरात येतो, आणि पैसा त्या डब्यांत अडकून पडतो. निवडीत एक वस्तू मोठी असावी, उदाहरणार्थ दाराचे तोरण. एक मध्यम, जसे ताटाभोवतीची महिरप. आणि एक अगदी लहान, जी वाणासाठी किंवा परतभेट म्हणून डझनाच्या हिशेबाने जाऊ शकेल. तोरणाची मापे आधीच ठरवून टाकावीत. फ्लॅटचे मुख्य दार साधारण तीन ते साडेतीन फूट रुंद असते, त्यामुळे ३६ आणि ४२ इंच ही दोन मापे तयार ठेवली की बहुतेक गिऱ्हाइकांचे काम भागते. देवघराचे लहान तोरण मात्र मागणीप्रमाणेच करावे, कारण देवघरांची मापे घरागणिक वेगळी असतात.

प्रत्येक वस्तूसाठी वहीचे एक पान राखावे. त्यावर मण्यांचा आकार मिलिमीटरमध्ये, रंग, लागलेली संख्या, तंगूस (मणी ओवण्याचा नायलॉनचा दोरा) किंवा साध्या दोऱ्याची जाडी, ते साहित्य कोणत्या दुकानातून आणले त्याची नोंद आणि नमुन्यादाखल शिवलेला एक मणी किंवा दोऱ्याचा तुकडा असावा. ‘तसलेच पिवळे मोती’ सहा महिन्यांनी मिळत नाहीत. दोन पुड्यांतील पिवळा रंग शेजारी ठेवल्यावरच वेगळा दिसतो. त्यामुळे एका मागणीचे सगळे मणी एकाच वेळी आणावेत. त्याच पानावर वेळही लिहावा, आणि तो घड्याळ पाहून लिहावा. ओवण्याचा वेळ सर्वांच्या लक्षात राहतो. मणी निवडणे, चुकलेली ओळ उसवणे, मागची पट्टी शिवणे, फोटो काढणे आणि खोक्यात भरणे यांचा वेळ कोणी मोजत नाही, आणि बहुतेक घरगुती व्यवसायांचा तोटा तिथेच दडलेला असतो.

किंमत कशी काढावी

हा भाग सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे, म्हणून एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत; प्रत्येकीने त्या जागी आपल्या वहीतील आकडे घालावेत. समजा, ३६ इंची मोत्यांच्या तोरणाला मणी १४० रुपयांचे, तंगूस १० रुपयांचा, मागची कापडी पट्टी २० रुपयांची आणि खोके २५ रुपयांचे लागले, तर साहित्य १९५ रुपयांचे झाले. फुटलेले आणि गळालेले मणी धरून ते २०५ मानावे. कामाला पाच तास लागले. तासाचा दर ठरवताना आपल्या भागात शिवणकाम करणाऱ्या बाईंना दिवसाला जे मिळते, त्याला आठाने भागावे. येथे तो ६० रुपये धरला, तर मजुरी ३०० रुपये झाली. वीज, फोन, बाजारात जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे यांचे ३५ रुपये मिळवले की तोरण ५४० रुपयांना पडले. ते ७०० रुपयांना विकले, तर नफा १६० रुपये.

आता हेच तोरण एखाद्या दुकानदाराने विक्रीसाठी ठेवून घेतले आणि ३० टक्के कमिशन कापले, तर ७०० पैकी २१० रुपये त्याच्याकडे राहतात, आपल्या हाती ४९० येतात आणि प्रत्येक तोरणामागे ५० रुपयांचा तोटा होतो. दुकानातून विकूनही शंभर रुपये सुटावेत असे वाटत असेल, तर ५४० अधिक १०० म्हणजे ६४० ला ०.७ ने भागावे लागते (कमिशन जाऊन ७० टक्केच हाती येतात म्हणून), म्हणजे किंमत ९२० रुपयांच्या आसपास जाते. दुकानात ९२० आणि घरी ७०० अशी तफावत ठेवता येत नाही, कारण दुकानदाराला ते कळतेच आणि पुढचा माल तो घेत नाही. तेव्हा किंमत सर्वत्र ९२० ठेवावी किंवा तोरण दुकानात देऊच नये आणि तिथे कमी वेळात होणाऱ्या लहान वस्तू ठेवाव्यात. माझ्या मते दुसरा मार्ग बरा. दुकानात माल ठेवताना वस्तूंची संख्या, प्रत्येकीची किंमत, कमिशन आणि पैसे देण्याची तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ओळखीच्या दुकानात तर हे अधिकच आवश्यक आहे.

मजुरी न धरता ‘घरचेच तर काम आहे’ म्हणून लावलेला दर पुढे वाढवता येत नाही, कारण पहिल्या गिऱ्हाइकाने तो दहा जणींना सांगितलेला असतो. घासाघीसही होणारच. ‘थोडुं ओछुं करो ने, बेन’ हे वाक्य बडोद्यात विक्रीस बसणाऱ्या प्रत्येकीला ऐकावे लागते आणि त्यात कोणताही अपमान नसतो. अशा वेळी नगाची किंमत न उतरवता, दोन घेतल्यास काय सवलत आहे ते सांगावे. दर टिकतो आणि समोरच्या व्यक्तीचेही समाधान होते. खर्च खरोखर कमी करण्याचा मार्ग वेळेत आहे: एक तोरण आरंभापासून शेवटपर्यंत करण्याऐवजी आठ तोरणांची फुले एकदम, मग पट्ट्या एकदम, मग जोडणी, असे टप्प्याने काम केल्यास हात बसतो आणि वेळ वाचतो.

वर्षाची आखणी

या व्यवसायाला मागणी वर्षभर सारखी नसते, आणि बडोद्यात तर दोन पंचांगे सांभाळावी लागतात. मराठी घरांतून श्रावणात मंगळागौरीच्या, भाद्रपदात गणपती व गौरींच्या सजावटीच्या, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणाच्या मागण्या येतात. गुजराती घरांतून मुख्य मागणी दिवाळीची असते. जुने तोरण उतरवून नवे लावण्याची हौस तिथे मोठी आहे, आणि सोबत शुभ-लाभच्या पट्ट्याही हव्या असतात. दिवाळीचा माल नवरात्रापूर्वीच तयार असावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गरब्याच्या नऊ रात्री हे शहर जागे असते, घरातील माणसेही त्यात असतात, आणि त्या दिवसांत रात्री बसून काम उरकण्याचे बेत कागदावरच राहतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत उरतात जेमतेम तीन आठवडे, ते विक्रीला आणि पोचवण्याला लागतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की रुखवताची कामे येतात.

वाणाच्या मागणीत संख्या मोठी आणि मुदत कमी असते. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस सगळे शहर गच्चीवर पतंग उडवत असल्याने साहित्याची दुकाने किंवा कुरियर यांच्या भरवशावर राहू नये. पौषाच्या आरंभीच मागण्या घेणे बंद करावे. रुखवताचे मात्र उलट आहे: तिथे एकच गिऱ्हाईक असते, पण वधूची आई, मावशी आणि आत्या यांची मते वेगवेगळी असतात. आराखडा कागदावर काढून एकाच व्यक्तीची मान्यता घ्यावी आणि आराखड्याचे वेगळे पैसे लावावेत. काम पक्के झाल्यास ते एकूण रकमेत वळते करता येतात. नाव घातलेली किंवा खास मापाची वस्तू दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, म्हणून अशा कामाला निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मण्यांची पुडी फोडू नये.

पावसाळ्यात लोकर आणि कापड दमट होते, गोंद सुटतो, चंदेरी मणी काळवंडतात. तयार माल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तो वरच्या फळीवर ठेवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहराच्या किती वस्त्यांत शिरले होते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

विक्री आणि खरेपणा

पहिली गिऱ्हाइके सोसायटीतून, भजनी मंडळातून आणि नात्यातून येतात. पुढची गिऱ्हाइके फोटो पाहून येतात. फोटो सकाळी खिडकीजवळ, दिवा न लावता, साध्या पार्श्वभूमीवर काढावा. एक फोटो दाराला लावलेल्या तोरणाचा, एक जवळून आणि एक मोजपट्टीसह असावा. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूखाली माप, किंमत आणि तयार होण्यास लागणारे दिवस लिहिल्यास निम्मे प्रश्न येतच नाहीत. प्रदर्शनात स्टॉल घेण्यापूर्वी भाडे भरून निघण्यास किती नग विकावे लागतील हे मोजावे: भाडे ३,२०० रुपये आणि नगामागे नफा १६० असेल, तर पहिले वीस नग केवळ भाड्यासाठी विकले जातात.

साहित्य जे आहे तेच सांगावे. ज्या शहरात खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास खऱ्या बसरा मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तिथे प्लास्टिकच्या मण्यांना नुसते ‘मोती’ म्हणून खपवणे शोभत नाही आणि धंद्याच्या दृष्टीनेही महागात पडते. अॅक्रिलिक, काच किंवा प्लास्टिक असे स्पष्ट लिहावे आणि रंग जातो का, धुता येते का, तेही लिहावे. कार्टूनमधील पात्रे किंवा कंपन्यांची चिन्हे असलेल्या वस्तू विकू नयेत. घरच्या मुलासाठी ते केले तर चालते, विक्रीत तो दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न होतो.

बाहेरगावी पाठवताना वजनाइतकाच खोक्याचा आकार महत्त्वाचा असतो. अनेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असल्यास त्यावर पैसे घेतात. ४० × ३० × १५ च्या खोक्याचे वजन या रीतीने ३.६ किलो धरले जाते, मग आत तोरण अर्धा किलोचे का असेना. तोरण सपाट घडी होईल असे बनवल्यास हा खर्च बराच खाली येतो.

कागदपत्रे

बँकेत व्यवसायासाठी वेगळे बचत खाते ठेवून यूपीआयचा कोड त्याच्याशी जोडावा. विक्री वाढली की चालू खाते उघडावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधारच्या साहाय्याने सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला शुल्क नाही, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. गुजरातमध्ये राज्यातल्या राज्यात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सामान्यतः लागत नाही. पुण्या-मुंबईला माल पाठवायचा झाला की नियम बदलतो: राज्याबाहेरील विक्रीला एरवी नोंदणी सक्तीची आहे, मात्र अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत पॅनच्या आधारे सूट आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएला एकदा विचारून घ्यावे. आयकरात अनुमानित नफ्याची सोय आहे. तीत रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरला जातो, परंतु वही तरीही ठेवावी, कारण ती सरकारपेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडते.

मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते. मणी घेण्यासाठी ते काढू नये. शिलाई यंत्र किंवा तशाच टिकाऊ साधनासाठी, तेही मागण्या नियमित येऊ लागल्यावर, विचार करावा. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच विचारले जाते. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम व पारंपरिक बाहुल्या-खेळणी आहेत, मोत्यांची तोरणे नाहीत. वस्त्र मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडून कारागिरांना मिळणाऱ्या ओळखपत्राची मात्र चौकशी करावी.

मदतीला दुसरे हात

बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ पासून आहे; बायकांनी हातकामातून मिळवावे ही कल्पना या शहराला नवी नाही. एकटीने होईनासे झाले की शेजारच्या एखाद्या ताईंना किंवा बेनना काम द्यावे, पण संपूर्ण तोरण देऊ नये. फक्त फुले किंवा फक्त झालर असा एक भाग द्यावा, मणी मोजून व वजन करून द्यावेत, पक्का नमुना सोबत ठेवावा आणि दर नगावर ठरवावा. तो ठरवताना ते काम स्वतः घड्याळ लावून करून पाहावे, म्हणजे मजुरी अन्यायाची होत नाही. पहिली पाच फुले तपासल्याशिवाय पुढचे साहित्य देऊ नये, आणि मजुरी माल हाती येताच द्यावी. गिऱ्हाइकाचे पैसे येण्याची वाट तिला पाहायला लावू नये. जोडणी आणि शेवटची तपासणी स्वतःकडेच ठेवावी. मार्चअखेर वही उघडून प्रत्येक वस्तूने तासाला किती मिळवून दिले ते काढावे, आणि जी सर्वांत खाली येईल ती, कितीही आवडती असली तरी, पुढच्या वर्षीच्या कॅटलॉगमधून काढून पुन्हा छंदाच्या डब्यात ठेवावी.