जुन्या स्कॉटिश तलवारीचे लष्करी मूळ कसे शोधावे

पंजा पूर्ण झाकणारी लोखंडी जाळीची मूठ आणि सरळ, रुंद पाते असलेली स्कॉटिश तलवार हाती आली, की बहुतेक जण पात्यावरचे नाव आधी वाचतात आणि तिथेच फसतात. ‘आंद्रेआ फेरारा’ हे सोळाव्या शतकातील इटालियन तलवार-कारागिराचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगांत असंख्य पात्यांवर आढळते. त्यांतील बरीचशी पाती जर्मनीतील झोलिंगेनमध्ये घडवून स्कॉटलंडला पाठवली जात, त्यामुळे त्या नावावरून पलटण ठरत नाही. पाते आणि मूठ यांचा तपास वेगवेगळा करावा, कारण जुन्या पात्याला नवी मूठ बसवणे ही त्या काळीही नेहमीचीच गोष्ट होती.

मूठ अधिक बोलकी असते. स्टर्लिंगचा वॉल्टर ॲलन किंवा ग्लासगोचा जॉन सिम्पसन यांच्यासारख्या कारागिरांची नक्षीदार, आद्याक्षरे असलेली मूठ बहुधा एखाद्या धनिकासाठी घडलेली असते. याउलट पातळ पत्र्याची, ओबडधोबड कापलेली मूठ, पात्यावर मुकुटाखाली ‘जीआर’ (जॉर्ज राजाची आद्याक्षरे) आणि ‘जेफ्रीज’ किंवा ‘ड्रुरी’ या पुरवठादाराचे नाव असेल, तर ती अठराव्या शतकात ब्रिटिश सरकारने हायलंड (स्कॉटलंडचा डोंगराळ भाग) पलटणींच्या साध्या शिपायांना दिलेली तलवार समजावी. माझ्या मते संग्राहक हिला उगीच कमी लेखतात; लष्करी पुरावा हिच्याइतका स्पष्ट क्वचितच मिळतो. हा ठसा अनेकदा झिजलेला असतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत विजेरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकावा. गंज मात्र सँडपेपरने घासू नये, त्यात ठसाही जातो. मुठीवर कोरलेला आकडा पलटणीचाच असेल असे धरून चालू नये, कारण तो कंपनीतील शस्त्राचा अनुक्रमांकही असू शकतो.

ब्रिटिश लष्कराने १८२८ मध्ये ठरवलेल्या नमुन्याच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींबाबत काम सोपे होते. राजचिन्हातील अक्षरे राजवट सांगतात: विल्यम चौथा १८३० ते १८३७, व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत. पलटणीचा क्रमांक कोरलेला असेल, तर तलवार बहुधा १८८१ पूर्वीची असते, कारण त्या वर्षी क्रमांकांऐवजी नावे रूढ झाली. विल्किन्सन या लंडनच्या तलवार-कंपनीच्या तलवारीवर मुठीलगत अनुक्रमांक असल्यास कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांतून तारीख, आणि कधी खरेदीदाराचे नावही, मिळते.

पात्यावर हत्ती आणि ‘असई’ ही अक्षरे दिसली, तर मराठी वाचकाचे कुतूहल साहजिकच वाढेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर ७४वी आणि ७८वी या हायलंड पलटणी मराठ्यांविरुद्ध लढल्या आणि हत्तीचे मानचिन्ह त्यांच्याकडे आले. १८८१ नंतर ते अनुक्रमे हायलंड लाइट इन्फंट्री आणि सीफोर्थ हायलंडर्स यांच्याकडे गेले. अर्थात चिन्हावरून पलटण कळते, ती तलवार त्या लढाईत होती हे नव्हे. आद्याक्षरेही कोरलेली असतील, तर त्या काळातील ‘आर्मी लिस्ट’मध्ये (ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची अधिकृत यादी) त्या पलटणीतील अधिकाऱ्यांची नावे पाहावीत, आणि आद्याक्षरे, पलटण व काळ तिन्ही जुळणारा एकच अधिकारी सापडला, तरच त्याच्या सेवेची कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायला घ्यावीत.