डिस्नेचा डायनिंग प्लॅन घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत ऑर्लँडोला असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून टाकायची सोय, कोविडच्या काळात बंद पडला होता. ९ जानेवारी २०२४ पासून तो परत सुरू झाला आणि माझ्या फोनवर तेच ते प्रश्नही परत सुरू झाले. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, ऑर्लँडोचं ठरतं आणि बुकिंग करता करता जेवणाचा प्लॅन समोर येतो. मग फोन. "घेऊन टाकू का गं? एकदा पैसे भरले की कटकट नाही." मी विचारते, तुमच्याकडे रोज दोन वेळा भरपेट बाहेरचं खाणारे किती जण आहेत? पलीकडे शांतता.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. प्लॅन दोन आहेत आणि पैसे माणशी, दर रात्रीमागे. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये काउंटरवरून घ्यायची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसऱ्या, मोठ्या प्लॅनमध्ये टेबलावर बसून एक जेवण, काउंटरवरचं एक आणि एक स्नॅक. दोन्हींत हॉटेलमध्ये पेयं पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा एक मग मिळतो. २०२४ मध्ये मोठ्या माणसाचा दर होता ५७.०१ आणि ९४.२८ डॉलर, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाचा २३.८३ आणि २९.६९. मोठ्यांचे दर पुढे थोडे वाढले, पण हिशेबाची रीत तीच, म्हणून मी इथे २०२४ चेच आकडे धरते. मुक्काम मात्र डिस्नेच्याच हॉटेलात हवा. जवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं असेल, तर पुढचं वाचू नका, कुकर लावा.

सगळ्यात महाग पदार्थ धरून हिशेब करणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कोणी "आम्ही हिशेब केलाय" म्हटलं की मी आधी कागद मागते. कागदावर हमखास काय असतं? मेन्यूमधला सगळ्यात महागडा स्टेक, त्यावर कॉकटेल, त्यावर चॉकलेटचं डेझर्ट. बेरीज प्लॅनच्या दरापेक्षा चार पैसे जास्त येते आणि माणूस खूश. आणि जेवणारे कोण? संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय न जेवणारे काका.

आता खरा हिशेब करू. मोठा प्लॅन घ्या. बसून जेवायच्या हॉटेलात पस्तीसेक डॉलरचा स्टेक, पंधरा-सोळाचं कॉकटेल, दहा-अकराचं डेझर्ट. काउंटरवरचं जेवण आणि पेय मिळून वीस. स्नॅक सात. एकूण नव्वदच्या आत-बाहेर, त्यावर साडेसहा टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे पंचाण्णव. प्लॅनचा दर ९४.२८. लक्षात आलं का? रोज स्टेक आणि रोज कॉकटेल घेतलं तेव्हा कुठे बरोबरी झाली. फायदा अजून दूरच.

त्याच जागी शाकाहारी, न पिणारा माणूस बसवा. मुख्य पदार्थ पंचवीसचा, डेझर्ट दहाचं, सोडा पाचचा. काउंटरवर चौदाचा बाऊल आणि फुकटचं पाणी. स्नॅक सात. टॅक्स धरून पासष्ट. रोजचे जवळपास तीस डॉलर गेले, तेही डेझर्ट खाल्लं असं धरून. आपल्याकडची साठीपुढची किती माणसं रोज रात्री जेवणानंतर चीजकेक खातात, ते तुम्हीच मला सांगा.

क्विक-सर्व्हिस प्लॅनची गोष्टही वेगळी नाही. दोन बाऊल, एक आइस्क्रीम, प्यायला पाणी. हे सगळं टॅक्ससकट सदतीस डॉलरच्या आसपास येतं, प्लॅन ५७ चा. प्लॅनमधला तो मग घरी नेता येतो हे खरं, पण तो भरून घ्यायची सोय फक्त हॉटेलमध्ये आहे, पार्कमध्ये नाही. दिवसभर पार्कात फिरणारा माणूस तो कधी भरणार? सकाळी कॉफी, रात्री झोपताना कोक?

माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका. मी डिस्नेच्या ॲपवर मेन्यू उघडते, त्यात दर असतात. प्रत्येकाला विचारते, आज, आत्ता भूक लागली तर यातलं काय घेशील? जे पहिलं तोंडात येईल ते लिहायचं. "तसं मी काहीही खातो" म्हणणाऱ्याला मी सर्वांत स्वस्त पदार्थ लावते, कारण तिथे उभा राहिल्यावर तो फ्राईजच घेणार असतो. एका दिवसाची बेरीज करायची, रात्रींनी गुणायची. अर्धा तास लागतो. हजारो डॉलर खर्चायला निघालेल्या माणसाला हा अर्धा तास जड का जातो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

"फक्त मुलांसाठी घेऊ" किंवा "आजी सोडून सगळ्यांना घेऊ"

असं चालत नाही. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाला प्लॅन घ्यावा लागतो, आणि सगळ्यांना एकच. सगळा खेळ इथेच आहे. लहान मुलांचा दर खरोखर स्वस्त आहे. मिकी-मिनी टेबलाशी येतात त्या कॅरेक्टर बुफेला एका मुलाचे एरवी चाळीसेक डॉलर लागतात, आणि प्लॅनमध्ये मुलाचा अख्खा दिवस तिसात. पण हा लाभ मुलाच्या आईबाबांच्या आणि आजीआजोबांच्या पूर्ण दरावर स्वार होऊन येतो. २०२६ साठी तर नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्लॅन फुकट अशी ऑफर आली, तीही मोठ्यांनी प्लॅन घेतला तरच. फुकट हा शब्द वाचून पुढचं न वाचणाऱ्यांचे फोन मला तेव्हाही आले.

माझ्या एका मावसभावाची गोष्ट सांगते, कारण त्यात सगळंच आहे. तो, बायको, मावशी, काका, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. पुण्याहून एका एजंटकरवी बुकिंग, पाच रात्री, मोठा प्लॅन. दहा पूर्ण झाली की मूल डिस्नेच्या हिशेबात मोठं माणूस असतं, हे एजंटने सांगितलं नाही आणि भावाने विचारलं नाही. म्हणजे पाच मोठे, एक लहान, रात्रीचे ५०१ डॉलर, पाच रात्रींचे अडीच हजारांवर. मी म्हटलं होतं, अरे, मावशी रात्री भात-ताकावर असते. त्याचं उत्तर, "तिथे गेल्यावर खाईल की, पैसे भरलेत म्हटल्यावर."

मी त्यांच्याबरोबर दोन दिवस होते. मावशीने पैसे भरलेत म्हणून खरंच खाल्लं. पहिल्या रात्री पास्ता आणि चॉकलेटचं डेझर्ट. दुसऱ्या रात्री तिला नुसतं सूप हवं होतं, पण मुख्य पदार्थ तर प्लॅनमध्ये आहे, मग रिसोटो मागवला. चार घास खाऊन तिने ताट काकांकडे सरकवलं, काकांनी नातीकडे, नातीने परत मधे. डेझर्ट आलं तेव्हा मावशी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, हे परत?" आणि केकचा तुकडा पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला. चष्म्याच्या डबीशेजारी. दुसऱ्या दिवशी पार्कातल्या मेन स्ट्रीटवर चष्मा काढायला गेली तर डबीला क्रीम लागलेलं.

पण जेवणापेक्षाही वाईट गोष्ट वेळेची होती. बसून जेवायचं म्हणजे आरक्षण, आणि आरक्षण सोयीच्या वेळेचं मिळालं नव्हतं. त्यामुळे काही दिवस तर दुपारी चारला, पार्क ऐन रंगात असताना, सगळी वरात जेवायला बाहेर. एके दिवशी मॅजिक किंगडममध्ये रांगेत अर्धा तास उभं राहून, पाळणा पाच मिनिटांवर असताना त्यांनी रांग सोडली, कारण जेवणाची वेळ चुकली असती. मुलगा रडला. भाऊ त्याला समजावत होता की जेवण "आधीच भरलेलं" आहे. सहा वर्षांच्या पोराला.

शेवटच्या दिवशी ॲपवर बघितलं तर बसून जेवायची अकरा जेवणं आणि स्नॅकचा ढीग शिल्लक. निघण्याच्या दिवशी मध्यरात्री हे सगळं बाद होतं, पैसे परत मिळत नाहीत, आणि त्यांचं विमान दुपारचं. अकरा जेवणं दुपारच्या आत कोण खाणार? स्नॅक तेवढे हॉटेलच्या दुकानातून संपवले. पाकीटबंद बिस्किटं, चिप्स, मिकीच्या कानांचे गोड तुकडे. विमानतळावर काकांच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि सिक्युरिटीच्या रांगेत भाऊ मला फोन करून सांगत होता की निदान स्नॅक तरी वसूल झाले.

तर, सहा जणांत एक जरी माणूस कमी खाणारा असला तरी त्याचा पूर्ण दर धरून हिशेब करा. दोन असतील तर हिशेबही करू नका.

शाकाहार आणि अंडं

डिस्नेच्या मेन्यूवर हिरव्या पानाची खूण दिसेल. ती प्लांट-बेस्ड, म्हणजे मांस, दूध, अंडं काहीच नाही. अंडं न खाणाऱ्यांना ही खूण मोठी सोय. डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कातल्या पँडोरा भागात सातुली कँटीन आहे, तिथला टोफूचा बाऊल काउंटरवरच्या जेवणात मला सर्वांत आवडतो. आपली बरीच मंडळी ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलमधल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि निरनिराळ्या चटण्यांच्या ब्रेड सर्व्हिससाठी जातात, जावंच. पण ती मेन्यूत स्टार्टरमध्ये येते, आणि प्लॅनच्या बसून जेवायच्या जेवणात मुख्य पदार्थ, डेझर्ट आणि पेय असतं, स्टार्टर नसतो. म्हणजे ज्यासाठी गेलात त्याचेच पैसे वेगळे. असं होऊ नये म्हणून जायच्या आधी मेन्यू वाचा, एवढंच.

बाहेरचं खाणं चालत नाही असं धरून चालणं

चालतं. भारतातल्या पार्कांची सवय असल्याने कोणाचा विश्वास बसत नाही, पण डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत, गरम करावं लागेल असं काही नको, दारू नको. थेपले, दशम्या, सुकी चटणी, केळी खुशाल न्या. लोणचं प्लास्टिकच्या डबीत. दुपारचं एक जेवण असं निघालं की प्लॅनचं गणित तिथेच कोसळतं, कारण प्लॅन दोन्ही वेळा त्यांचंच खाल असं धरून बेतलेला आहे.

स्नॅक पाण्याच्या बाटलीवर घालवणं

सोडा-फाउंटन असलेल्या कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं मागा. सात डॉलरचा स्नॅक साडेतीन-चार डॉलरच्या बाटलीवर घालवणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

दिवस मोजणं

रात्री मोजा. चार रात्री पाच दिवस असतील तर जेवणं चार रात्रींचीच मिळतात, ती पाच दिवसांत पसरायची.

आधी प्लॅन, मग आरक्षण

उलटं करा. आरक्षणं साठ दिवस आधी उघडतात, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तेव्हाच पुढच्या मुक्कामाचीही, दहा दिवसांपर्यंतची, करता येतात. साठाव्या दिवशी सकाळी लवकर उठायचा कंटाळा असेल तर मोठा प्लॅन तुमच्यासाठी नाही. काही ठिकाणी एका जेवणाला प्लॅनमधली दोन जेवणं वजा होतात, सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण त्यातलंच. मुलीचा हट्ट असेल तर जा, पण त्या दिवशीचा हिशेब दुप्पट धरा.

मग घ्यावा कोणी? ज्यांच्याकडे नऊ वर्षांपर्यंतची दोन-तीन मुलं आहेत, कॅरेक्टर बुफे जवळपास रोज ठरलेले आहेत, आईबाबा खाणारे-पिणारे आहेत आणि आजीआजोबा वेगळ्या बुकिंगवर किंवा घरी आहेत, त्यांनी. बुफेला मोठ्या माणसाचे साठेक डॉलर पडतात, तिथे प्लॅन खरंच वसूल होतो. अशी कुटुंबं मी पाहिली आहेत, ती मला फोन करून विचारत नाहीत.

राहता राहिली टिप. ती प्लॅनमध्ये नाही. सहा किंवा जास्त जण असाल तर बिलावर अठरा टक्के आपोआप लागतात, म्हणून सही करण्याआधी बिलाची खालची ओळ वाचा. नाहीतर माणसं प्लॅनच्या खुशीत वर आणखी वीस टक्के लिहून मोकळी होतात.