ग्योंगह्वेरूचं मॉडेल: आधी खांब, छत शेवटी

नागपुरात माझं मॉडेल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. पोट भरतं ते बिल्डरांच्या फ्लॅट स्कीमवर. आर्किटेक्चरची पोरं मात्र कोरियन मंडप करायचा म्हणून येतात आणि मोबाइलवर सगळ्यात आधी छताचा फोटो दाखवतात. अरे बाप्पा, छत शेवटी! सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातला ग्योंगह्वेरू, म्हणजे तळ्यातला दोन मजली मंडप, करायचाय ना, मग आधी खांब मोजा.

लांबीत सात खण, रुंदीत पाच. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. म्हणजे आठ गुणिले सहा, ४८ दगडी खांब. कडेचे २४ चौकोनी, आतले २४ गोल. १:१०० ला जोतं साधारण ३४ बाय २८ सेंटीमीटर धरा. लकडगंजात सागाची कात्रणं मागा, चौकोनी खांब त्यातून निघतात. गोलांसाठी तयार डॉवेल, म्हणजे गोल लाकडी काड्या, घ्या. खांब वर किंचित निमुळते आहेत, तेव्हा पॉलिश पेपर हलक्या हातानं वरच्या टोकाकडे जास्त फिरवा. रंग राखाडी.

खांबांवर नक्षी कोरू नका. इथं मंडप आधी लहानसा होता. ओलसर जमिनीत तो कलला, म्हणून १४१२ मध्ये राजा तेजोंगनं पाक जा-चोंगच्या देखरेखीत तळं खणून मोठा मंडप उभारला. त्या जुन्या खांबांवर ड्रॅगन होते. १५९२ च्या जपानी स्वारीत सगळं जळालं. पुढे पावणेतीनशे वर्षं जागा तशीच पडून होती, आणि १८६७ मध्ये पुन्हा उभारला तो साध्या खांबांचा. फोटोत दिसतो तो हाच.

आता वरचा मजला. इथं घाई नको, खरी गंमत इथंच आहे. जमीन एका पातळीत नाही. मधले तीन खण सगळ्यात उंच, तिथं राजा बसायचा. ते आकाश, पृथ्वी आणि माणूस. त्याभोवती एक पायरी खाली बारा खण, वर्षाचे बारा महिने. बाहेर आणखी खाली वीस खण, आणि कडेचे २४ खांब म्हणजे तिकडच्या पंचांगातले वर्षाचे २४ टप्पे, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. तीन, बारा, वीस मिळून ३५. सात पंचे पस्तीसचा ताळा बसतो. दोन मिलिमीटर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) तीन तुकडे कापून एकावर एक चिकटवा. मे महिन्यात हे काम कूलरसमोर करू नका, एमडीएफ ओल धरून फुगतं. वरचे खांब लाकडी आहेत, त्यांना लाल रंग.

हस्त, म्हणजे खांबाच्या डोक्यावर छताला आधार देणारे ब्रॅकेट, करताना घाबरू नका. एवढ्या मोठ्या इमारतीला ते साधे, पंखाच्या आकाराचे आहेत. कार्डशीटमधून कापले तरी चालतात. हिरवा रंग आधी, बारीक रेषा नंतर.

छत म्हणजे खाली चौपाखी आणि वर दुपाखी. वळचण कोपऱ्यात वर उचलते आणि थोडी बाहेरही येते. पोरं फक्त वर उचलतात, मग ते सिनेमाच्या सेटसारखं दिसतं. बांबूच्या कामट्या रात्रभर भिजवा, मेणबत्तीवर शेकून वाकवा, चारही कोपरे एकाच साच्यावर. कौलांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोला, आतल्या नाल्या गडद राखाडी रंगवा. कोपऱ्याच्या कण्यावर ओळीनं छोट्या मूर्ती बसतात. ग्योंगह्वेरूवर त्या अकरा आहेत, कोरियात सर्वात जास्त. मोहरीएवढे एपॉक्सी पुट्टीचे गोळे पुरतात.

तळं खरं १२८ बाय ११३ मीटर. १:१०० ला सव्वा मीटर लांब, कोणत्याच सबमिशनच्या टेबलावर मावायचं नाही. त्यामुळे मंडपाभोवतीचं पाणी तेवढं दाखवा, काळ्या अॅक्रिलिकच्या शीटवर. तीन दगडी पूल पूर्वेकडेच हवेत. झाडं लावायची हौस असेल तर ती पश्चिमेच्या दोन छोट्या बेटांवर लावा. शीटमध्ये बेटं बसत नसतील तर झाडंही नकोत.