लाकडाची कानस घेताना: जाड स्वस्त घ्या, बारीक चांगली घ्या

मी मुठी आणि दांडे करते. पटाशीची मूठ, कोयत्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, मध्येच कुणाच्या आजीच्या विळीचा नवा पाट. या कामात सरळ रेष फारशी येत नाही, कारण वस्तू पंजात बसायची असते. वळणावर रंधा पोचत नाही, आणि पटाशी लावली की लाकडाचा रेषा (तंतू) उलटा आला तिथे टवका उडतो. अशा जागी लाकूड घासायची कानस, म्हणजे लाकडाची कानस लागते. दुकानात आणि ऑनलाइन तिला रास्प म्हणतात.

हातकामाला नुकती सुरुवात केलेले लोक मला विचारतात, कोणती घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन घ्या. जाड दातांची आपल्या बाजारातली, साधी, स्वस्त घ्या. बारीक दातांची मात्र परवडेल तितकी चांगली घ्या. बरेच जण नेमकं उलटं करतात. पहिली म्हणून महागडी जाड कानस घेतात आणि बारीक काम काचपेपरवर सोडतात. जाड कानशीचे ओरखडे तसेही पुढे काढायचेच असतात, ते सुबक असले काय आणि नसले काय. शेवटचा आकार, बोटांना लागणारी कड, अंगठ्याखालची खोलगट जागा हे सगळं बारीक कानशीने ठरतं. ती चांगली असली की काचपेपरचं काम थोडक्यात आटोपतं. काचपेपर जास्त घासला की कडा मऊ होतात आणि मुठीचा घाट जातो.

आधी दातांकडे बघायला शिका. लोखंडाच्या कानशीवर आडव्या किंवा तिरक्या सलग धारा पाडलेल्या असतात. लाकडाच्या कानशीवर एकेक दात सुटा उभा असतो. लोखंडाची कानस लाकडावर चालवली तर तिच्या खाचा भुशाने भरतात आणि ती नुसती सरकत राहते. सुट्या दातांच्या मधून भुसा बाहेर पडायला वाट मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, दातांची मांडणी. यंत्राने पाडलेल्या बहुतेक साध्या कानशींवर दात ओळीत असतात. पुढच्या दाताने खाच पाडली की मागचा दात त्याच खाचेतून जातो, त्याच्या मागचाही तिथूनच. लाकडावर शेतातल्यासारख्या सऱ्या पडतात, आणि पुढच्या हाताला कानस त्याच सऱ्यांमध्ये घसरते. हाताने पाडलेल्या दातांत ही शिस्त नसते. कारागीर अजून मऊ असलेल्या पोलादावर त्रिकोणी टोकाचा छिन्नीसारखा पोगर ठेवतो आणि हातोडीने एकेक दात उचलतो. ओळ साधारण असते, पण प्रत्येक दात केसभर इकडे तिकडे. त्यामुळे एका दाताने सोडलेला उंचवटा दुसरा दात घेतो, आणि पृष्ठभाग खडबडीत असला तरी एकसारखा निघतो. दात पाडून झाले की मग त्या पोलादाला पाणी देतात, म्हणजे ते कडक करतात. या कामात गडबडीला जागा नाही. म्हणूनच अशा कानशीची किंमत जास्त असते, आणि ती मला योग्य वाटते.

असं हातकाम आजही करणाऱ्यांत फ्रान्समधल्या दोघांची नावं पहिली येतात. दक्षिण फ्रान्समधल्या सँ-ज्युएरी गावातली ऑरिऊ ही कंपनी १८५६ पासूनची, आणि दुसरी लिओजिए. दोघांकडेही दातांच्या जाडीला १ ते १५ असे आकडे आहेत. १ सगळ्यात जाड, १५ सगळ्यात बारीक. फर्निचरवाले सर्वसाधारण कामाला ९ नंबर घेतात. मुठीच्या शेवटच्या हाताला मला १२-१३च्या आसपासचा नंबर आवडतो. १५ नंबरची कानस इतकी हळू खाते की ती फक्त कोरीव कामवाल्यांनी घ्यावी असं माझं मत आहे. किंमत ऐकून दचकू नका. दहा इंची एक कानस दहा हजारांच्या घरात किंवा त्याहून वर जाते. शिवाय वाहतूक, आणि सीमाशुल्क धरताना वस्तूच्या किमतीत वाहतुकीचा खर्चही मिळवतात. मागवण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

मी डावरी आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. हाताने पाडलेले दात किंचित एका बाजूला कललेले असतात, त्यामुळे या कानशी उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या अशा वेगळ्या मिळतात. डावऱ्या माणसाने उजवी कानस वापरली तरी ती चालते, पण कापण्यातला गुळगुळीतपणा थोडा कमी होतो. एवढे पैसे घालायचे तर ऑर्डर देताना हात कोणता ते नक्की लिहा. साध्या यंत्राच्या कानशीत हा प्रश्न येत नाही.

फ्रेंच कानस परवडत नसेल तर मधले रस्ते आहेत. न्यूयॉर्कच्या एका हत्यारवाल्यांची ग्रामर्सी नावाची कानस पाकिस्तानातले कारागीर हाताने पाडतात. ती स्टेनलेस पोलादाची असते, म्हणून आपल्या पावसाळ्यात गंजायची भीती कमी. अमेरिकेतल्या निकल्सनच्या ४९ आणि ५० नंबरच्या कानशी यंत्राने केलेल्या असूनही दात मुद्दाम विस्कळीत ठेवलेल्या आहेत. त्यात ४९ जाड आणि ५० बारीक. जुन्या मिळाल्या आणि दात शाबूत असतील तर सोडू नका. इटलीची कोराडीही यंत्राचीच, पण कामाला नेटकी.

जपानची शिंटो हे वेगळंच हत्यार आहे. हॅकसॉच्या पात्यांसारखी पाती एकमेकांना जाळीसारखी जोडून ती केलेली असते. एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. भुसा जाळीतून खाली पडतो, त्यामुळे ती सहसा भरत नाही, आणि बाभळीसारख्या चिवट लाकडालाही भराभर खाते. ती सपाट असते, खोलगट जागेत शिरत नाही, एवढीच तिची मर्यादा. कुऱ्हाडीचे दांडे करणाऱ्याने जाड कानशीऐवजी हीच घेतली तरी माझी हरकत नाही. जपानचीच इवासाकी कानस बारीक कामाला सुंदर आहे. तिचे दात म्हणजे वळवलेल्या छोट्या धारा असतात, त्यामुळे भुशाऐवजी बारीक कीस निघतो. ती जोरात दाबायची नाही आणि खाली पाडायची तर अजिबात नाही, धार ठिसूळ असते.

किसावरून आठवलं, स्वयंपाकघरात गेलेली मायक्रोप्लेन नावाची किसणी ही मुळात लाकडासाठीच बनवलेली होती. कॅनडात एका हत्यारविक्रेत्याच्या घरी केकसाठी संत्र्याची साल तिच्यावर किसून पाहिली गेली आणि तिचं आयुष्य बदललं. लाकडावर ती अजूनही चांगली चालते, पण पातं पातळ असल्याने कडक लाकडावर थरथरते. शिवणीसारख्या मऊ लाकडाला ठीक.

आता जाड कानशीकडे येऊ. ती आपल्या बाजारातच घ्या. जेके फाइल्सच्या कानशी भारतभर मिळतात, आणि त्यांचा कारखाना आपल्या रत्नागिरीतही आहे. अर्धगोल लाकडी कानस दहा इंची मागा. एक बाजू सपाट, एक गोलसर, म्हणजे एकाच हत्यारात फुगीर आणि खोलगट दोन्ही वळणं जमतात. पहिली कानस अर्धगोलच हवी. नुसती सपाट किंवा नुसती गोल नंतर घेता येते, आणि अनेकांना ती कधी लागतही नाही. चार कानशी एकत्र केलेलं एक आखूड हत्यार मिळतं, त्याला मूठ नसते. दिसायला सोयीचं, पण धरायला जागा नाही आणि लांबी इतकी कमी की हात पुरता जात नाही. ते टाळा.

पुण्यात असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जा, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला. ऑनलाइन मागवणं सोपं आहे, पण साधी कानस हातात घेऊनच निवडावी. एकाच पेटीतल्या दोन कानशींतही फरक असतो. दुकानदाराला घाई नसेल अशी वेळ गाठा, सकाळी दुकान उघडल्यावर बरं. खिशात लाकडाचे दोन तुकडे ठेवा, एक सागाचा, एक त्याहून मऊ. "शेठ, दोन हात मारून बघू का?" असं नीट विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात.

हात मारण्याआधी मात्र डोळ्यांनी तपासा. कानस डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून टोकापर्यंत नजर टाका. पाणी देताना पोलाद वाकतं, आणि पिळलेली कानस सरळ कधीच चालत नाही. मग ती उजेडाकडे तिरकी धरा. धारदार टोक उजेड परतवत नाही, बोथट टोक चकाकतं. दातांच्या शेंड्यांवर पांढरे ठिपके चमकत असतील तर ती कानस नवी असली तरी खाली ठेवा. नंतर कडा आणि टोक. दात अगदी कडेपर्यंत आलेत का? चांगल्या हातकामाच्या कानशीला टोकापर्यंत दात असतात आणि कोपऱ्यात शिरता येतं. साध्या कानशीला कडेशी थोडी कोरी पट्टी राहते. जाड कामाला ती चालेल, पण अर्धगोल बाजूवर ओळींच्या मध्ये मोठ्या मोकळ्या पट्ट्या नकोत, नाहीतर गोल वळणावर पैलू पडतात. शेवटी गंज बघा. दातांच्या बुडाशी लाल डाग असलेली कानस बाहेरून पुसून विकायला ठेवलेली असू शकते. आणि कानशी खणात एकावर एक टाकलेल्या असतील तर वरची घेऊ नका, कागदात गुंडाळलेली मागा. पोलादावर पोलाद आपटलं की दात मोडतात.

मग लाकूड. तुकडा कशात तरी घट्ट धरा, कानस दोन्ही हातांनी धरा, एक मुठीवर, एक टोकावर, आणि फक्त पुढे जाताना दाब द्या. परत येताना उचला. चांगली कानस लगेच पकड घेते, तिला ढकलावं लागत नाही. लाकडाच्या रेषेशी तिरक्या दिशेने चार हात मारा आणि बोट फिरवा. सऱ्या लागतायत की सगळीकडे सारखा खरखरीतपणा? जाड कानशीत थोड्या सऱ्या चालतील, बारीक कानशीत नकोत. मऊ तुकड्यावर जवळपास प्रत्येक कानस छान वाटते, म्हणून निकाल सागावरच लावा. सागात सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. साग आणि बाभूळ रोज घासणाऱ्याने आपली कानस परदेशातल्या लोकांइतकी टिकणार नाही हे धरूनच बजेट ठरवावं.

लांबीबद्दल थोडक्यात. दांडे, खुर्चीचे पाय, पाट यांना दहा इंच. पटाशीची मूठ, पळी, चमचे यांना सहा ते आठ इंच. बारा इंची कानस बाकाला शिकंजा नसेल तर सांभाळत नाही.

आपल्याकडे साध्या कानशी बहुधा मुठीशिवाय मिळतात. मागचं निमुळतं टोक उघडं ठेवून काम करू नका. कानस अडली की ते थेट तळहातात घुसतं. मूठ स्वतः करा, तीच तुमची पहिली कामगिरी. लाकडाला आधी बारीक, मग वरच्या भागात थोडं जाड भोक पाडा, टोक आत घाला, आणि मुठीचं बूड बाकावर आपटा. कानशीच्या टोकावर हातोडी मारायची नाही.

चौकोनी दांडा गोल करायचा असेल तर आधी आठ पैलू करा, मग सोळा, मग गोल. पैलूंच्या रेघा पेन्सिलने आखून घ्या आणि रेघ पुसेपर्यंतच घासा. जाड कानस आठ पैलूंपर्यंत, पुढे बारीक. लाकडाच्या टोकाशी आलात की कडेकडून आत घासा, आतून बाहेर घासलं की पलीकडची कड तुटते. जुनं लाकूड असेल तर आधी खिळे शोधा. एक खिळा बारीक कानशीचे कितीतरी दात घेऊन जातो.

साफ करायला जुना टूथब्रश किंवा काथ्याचा ब्रश. पोलादी तारेचा ब्रश हाताने पाडलेल्या दातांना लावू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काम झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवून सुती कापडात गुंडाळा. प्रत्येक कानशीला वेगळी खाच किंवा वेगळी पिशवी हवी. पुढच्या वेळी तेल पुसून मगच लाकडाला लावा, नाहीतर पॉलिश धरत नाही.

थोडी बोथट झालेली साधी कानस फेकू नका. ती साबणाने धुऊन लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा, मध्ये मध्ये काढून नख लावून बघत राहा. आम्ल दातांवरचा थर खातं आणि टोक थोडं परत येतं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, गरम जागी लगेच वाळवा, तेल लावा. मोडलेले दात याने परत येत नाहीत, आणि महागड्या बारीक कानशीवर हा प्रयोग मी करत नाही. तिच्यासाठी बनवणाऱ्यांनाच लिहून विचारा.